कारण : बाळंतपण

माझी वडिवळ्याची मावशी ज्या दिवशी कागदावर एक शब्द खोटा लिहील, त्या दिवशी इंद्रायणी नदी कामशेतहून उलटी वळून लोणावळ्याचा चढ चढेल, असं मी पैजेवर सांगू शकतो. तोंडीसुद्धा ती खोटं बोलत नाही, पण तोंडी निदान गप्प बसायची सोय असते. नावडत्या माणसाचा फोन आला की आपण घरातल्या दुसऱ्याला "नाहीत म्हणून सांग" म्हणतो, मावशी स्वतः फोन उचलते आणि म्हणते, "हाय की घरी. पन आत्ता तुज्याशी बोलायचं न्हाई." लग्नात यजमानांनी तिला "जेवण कसं झालं?" असं विचारू नये, हे आता अख्ख्या नाणे मावळात माहीत झालं आहे.

सत्तावीस वर्षं ती गावच्या अंगणवाडीत सेविका होती. गावातलं प्रत्येक पोर तिच्या काट्यावर लोंबकळून रडलेलं. एकदा वरून तपासणी यायची होती आणि पावसामुळे पलीकडच्या वाडीतली पोरं आलेली नव्हती. पर्यवेक्षिका म्हणाल्या, "मागच्या महिन्याच्या वजनात थोडं थोडं वाढवून लिहा." मावशी म्हणाली, "बाई, लिहून पोरं वाढत असती तर खिचडी कशाला शिजवली असती?" आणि काटा खांद्यावर टाकून चिखल तुडवत वाडीवर गेली. आणखी एकदा तिच्या सख्ख्या पुतण्याचं वय शाळेला अकरा दिवसांनी कमी पडत होतं. दाखल्यावर तेवढं सांभाळून घे म्हणून घरचे हात जोडून बसले. पोरगं आणखी वर्षभर अंगणवाडीत राहिलं.

अशा बाईनं व्हिसाचा अर्ज केला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. तिची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी ताई, नर्स होऊन समुद्रापलीकडच्या एका थंड देशात गेली. त्या देशाचं नाव मावशीच्या जिभेवर बसत नाही. ती त्याला 'तिकडं' म्हणते. तिकडं ताईला दिवस गेले. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या कचेरीत कॉम्प्युटरवर बसतो, त्यामुळे घराण्यातले सगळे अर्ज माझ्याकडे. जाण्याचं कारण काय, या रकान्यात मावशीनं सांगितलं तेच मी भरलं : मुलीचं बाळंतपण. चिक्कीच्या दुकानावरच्या माडीत बसणारा एजंट म्हणाला, महिन्याभरात येईल.

तीन महिने गेले तरी पासपोर्ट तिकडच्याच कचेरीत. चौकशी केली की एकच उत्तर, 'विचाराधीन'. मावशीनं डिंकाचे लाडू केले, ते वाट बघून आम्हीच खाल्ले, पुन्हा केले. आणि एक दिवस ताईला मुलगी झाली. मोबाइलच्या पडद्यावर नात दिसल्यावर मावशीनं पहिला प्रश्न विचारला, "वजान किती?" तीन किलो शंभर, असं ताई म्हणाली. मावशीनं मान हलवली, पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाली, "गावातल्या समद्या पोरांची वजनं केली रं मी. हिचं तेवडं ऐकावं लागलं."

त्यानंतर ती रोज दिवस मोजू लागली. मला वाटलं, व्हिसाची वाट बघत असेल. पण सवा महिना झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ती कामशेतहून लोकल पकडून माझ्या दारात. "अर्ज माघारी घे," म्हणाली.

"अगं, आता कधीही येईल व्हिसा!"

"कारण संपलं. सवा म्हयना म्हंजी बाळंतपन. त्येच्या म्होरं त्ये पाव्हनपन."

मी नाना परींनी समजावलं. माघार घेतली तर भरलेली फी बुडेल, पुढच्या वेळी दहा प्रश्न विचारतील, असं एजंटनं फोनवर सांगितलं. "मावशी, तिथं कोण विचारतंय?" तो म्हणाला. "अन् इचारलं तर?" मावशी म्हणाली. "पोरगी पालथी पडाय लागल अन् मी सांगू, बाळंतपनाला आले?"

ताईला फोन लावला, तेव्हा मात्र प्रकरण हसण्यावारी राहिलं नाही. तिची रजा संपत आली होती, जावयाची रात्रपाळी, घरात दुसरं माणूस नाही. ती रडत म्हणाली, "आई, तुला यायचंच नव्हतं. सरळ सांग ना तसं."  मावशी म्हणाली, "यायचंय. म्हणून तर नीट येते." आणि मला म्हणाली, "दाब ते बटान." मी दाबलं, आणि अर्ज माघारी गेला.  

पासपोर्ट परत आला. नव्या अर्जात एजंटनं 'पर्यटन' असं लिहिलं, तर मावशी म्हणाली, "काय बघायचंय मला तितं? पानी अन् डोंगर हितं न्हाईत व्हय?" शेवटी तिनं स्वतः मराठीत लिहून दिलं आणि मी त्याचा तर्जुमा जोडला : 'मी माझ्या नातीला अजून हातात घेतलेलं नाही. तेवढ्यासाठी येते आहे. भातकापणीच्या आत परत येईन.' एजंटनं कपाळाला हात लावला. यालाही वेळ लागलाच. पण व्हिसा आला. मावशी गेली तेव्हा नात दहा महिन्यांची झाली होती.

आठवड्यानं तिचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "मला बघितलं की रडतीया रं. जवळच येईना."

माझ्याच्यानं राहवलं नाही. "मावशी, तो अर्ज तसाच ठेवला असता तर?"

"तर लवकर आले असते," ती म्हणाली. "तवा तिला वळख-अनवळख काय कळत नव्हती. कुनाच्याबी मांडीवर झोपली असती." मग म्हणाली, "लय वाटतं त्याचं. पन परत तीच येळ आली तरी मी त्येच करीन." मी पुढं काही विचारणार तोच ती दबक्या आवाजात म्हणाली, "गप. आलीया. पाय धरून हुबी ऱ्हातीया."

फोन ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नसावं, किंवा हलायची तिला भीती वाटली असावी. मीही ठेवला नाही. लोणावळ्यात माझ्या टेबलापाशी बसून मी ऐकत राहिलो. पलीकडून एका पोरीचं बोबडं पुटपुटणं येत होतं, आणि उभ्या जन्मात कधी गप्प न बसलेली माझी मावशी श्वासही हळू घेत होती.