ढोल, मान आणि पाठीवरची घुर्रघुर्र

गणपतीला अजून अवकाश होता, तेव्हाच आमच्या ढोलपथकाच्या दादांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, मान अशी सारखी धरत असेल तर यंदा मिरवणुकीत ढोल नको, तू ध्वज घे. ध्वज! कमरेला ढोल बांधला की जिला तहानभूक आठवत नाही, तिच्या हातात ध्वज! मी घरी येऊन जेवलेच नाही. म्हणजे, उशिरा जेवले.

मानेचा बिचारीचा काय दोष? सातपूरला एका कारखान्याच्या ऑफिसात मी दिवसभर कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढते आणि काढता काढता स्क्रीनमध्येच शिरते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्यायाम दिले आणि वर एक बटणाएवढा सेन्सर घ्यायला लावला. मानेच्या खाली पाठीला चिकटवायचा. आपण वाकलो की तो घुर्रघुर्र करतो आणि फोनवर लाल रेघ ओढतो. महिन्याने मान बघू, मोकळी झाली असेल तर खुशाल ढोल बांध, असं बाई म्हणाल्या. दादांनीही ते मान्य केलं. थोडक्यात, माझा अख्खा गणपती त्या बटणावर येऊन ठेपला.

सेन्सर हातात पडला त्या संध्याकाळी पथकाचा सराव होता. घरी जाईपर्यंत धीर धरणारी मी नव्हे. मैदानावरच एका मैत्रिणीकडून तो पाठीला चिकटवून घेतला. फोनवर सूचना आली, तुमच्या सर्वांत उत्तम स्थितीत या आणि बटण दाबा. यात विचार कसला करायचा? मी ढोल बांधल्यासारखी उभी राहिले. पाय फाकलेले, पोट पुढे, खांदे मागे, हनुवटी आभाळाकडे. दाबलं बटण.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात धमाल. पुढे झुकलं की घुर्र, चांगलं सरळ बसलं तरी घुर्र. खुर्चीत मागे रेलून, छाती काढून, नाक वर केलं की मगच स्वारी गप्प. मी लांबलचक हात करून टाइप करायचे आणि साहेबांकडे नाकाच्या शेंड्यावरून बघायचे. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी हळूच विचारलं, प्रमोशन झालं का गं? कँटीनमध्ये वरणभाताचा घास तोंडापर्यंत पोचायच्या आत ओढणीवर उतरायचा. आत्याकडे गेले आणि तिच्या पाया पडले, तर घुर्र ऐकून तिने आशीर्वाद अर्धा सोडून मला फोन उचलायला सांगितलं.

आई मात्र यावर हसली नाही. मी शाळेपासून चांगलीच उंच. हिला जोडीचा नवरा कुठून आणायचा, या काळजीने आई चारचौघांत माझा खांदा दाबायची आणि जरा लहान दिस म्हणायची. पोक मला तिथूनच लागलं, कॉम्प्युटरने ते फक्त वाढवलं. ढोल बांधला की पोक काढता येतच नाही, त्याच्या वजनाला मागे झुकूनच उभं राहावं लागतं. म्हणून माझा त्याच्यावर एवढा जीव. तिथे मी जेवढी आहे तेवढी असते.

आठवडाभरात मान राहिली बाजूला, कंबरच धरली. फिजिओथेरपिस्ट बाई चक्रावल्या. त्यांनी विचारलं, बटण दाबताना कशी उभी होतीस? मी ऐटीत उभी राहून दाखवलं. हसता हसता त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. "अगं बाई, ऑफिसात तू ड्रॉइंग काढतेस का मिरवणूक?"

मग त्यांनी मला खुर्चीत नीट बसवलं. पाय जमिनीला, पाठ टेकलेली, नजर समोर. बटण पुन्हा दाबलं. सेन्सर माणसात आला आणि मागोमाग मीही. महिन्याच्या शेवटी बाईंनी मान दोन्हीकडे वळवून बघितली आणि जा, बांध म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारायला वाकले आणि घुर्र वाजलं. आम्ही दोघी परत हसत सुटलो.

मिरवणुकीला पहिल्यांदाच आई आली. दादांनी तिला दोरांच्या पलीकडे उभं केलं होतं. मी ढोल बांधला आणि मग दुपार कशी गेली, कुणी पाणी दिलं, कुणी गुलाल उधळला, काही विचारू नका. वेड्यासारखी वाजवत होते नुसती. मान दुखली नाही की कंबर कुरकुरली नाही.

ढोल उतरवल्यावर लक्षात आलं, सेन्सर पाठीवरच राहिलाय. ढोलाच्या दणक्यात तो किती घुरघुरला कोण जाणे. फोन उघडला तर दुपारभर लालच लाल आणि खाली शेरा, आजची तुमची स्थिती सर्वांत वाईट. मी हसून हसून बेजार झाले आणि फोन आईपुढे धरला.

आईने चष्मा लावून शेरा वाचला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ज्या खांद्यावर इतकी वर्षं हात दाबत आली, त्यावरचा गुलाल झटकला.

"त्याला काय कळतंय," ती म्हणाली. "तू अशीच उभी राहत जा."