अनसिंगच्या आत्याचं उठणं

निघताना बाबांनी बजावलं होतं, "माझ्या बहिणीला घेऊनच ये." त्यामुळे पुण्याहून वाशीमला उतरलो तेव्हा परतीची तिकिटं दोघांची होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर आत्या अनसिंगला एकटीच राहत होती, आणि ती पुन्हा पडेपर्यंत थांबायचं नाही, असं आमच्या घरी ठरलं होतं.

एसटीच्या खिडकीतून शेंगांनी वाकलेली तूर दिसत होती. अनसिंगला उतरताना बॅगेला हिसका दिला आणि माझीच कंबर धरली. जिममध्ये वजनं उचलणारा मी, वाकडातिकडा चालत आत्याच्या दारी पोचलो.

"काहून रे, मले न्याले आला, का माह्यापाशी राहाले?" आत्या हसली.

वाशीमच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी तिला साधंच शिकवलं होतं. हात न टेकवता खुर्चीवरून उठायचं, उंबरठा चढायचा-उतरायचा, अर्धी बादली अंगणात न्यायची. रोजच्या जगण्याला लागतं तेवढंच. पण तिनं बादली उचलली की शेजारची सून धावत यायची, "राहू द्या ना जी, आमी हाओत ना!" म्हाताऱ्या माणसाला काम करू देणं इथे कमीपणाचं.

"लोकं लय जीव लावतेत," आत्या म्हणाली, "त्यापायीच तं मी खाटेवर पडून राह्यली होती. उद्या शेतात रोडगे हायेत. जमिनीवर बसून मले उठता नाही आलं, तं तुह्यासंग येईन. आलं, तं इथंच राहीन."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या शेतात निंबाखाली पंगत बसली. रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) तुपात चुरायचे, वर वरण, सोबत वांग्याची भाजी. घाईत माझी बोटं पोळली. आत्यासाठी खास आणलेली प्लॅस्टिकची खुर्ची तिनं बाजूला सारली आणि हळूहळू खाली बसली.

जेवण झालं. तिनं एका बाजूला कलून तळवे मातीत टेकवले. चहूबाजूंनी हात पुढे आले, त्यात माझाही होता.

"हात नका देऊ. कोणीच."

गुडघा घसरला, ती परत बसली. सुनेनं तोंडाला पदर लावला. मी घाबरलो होतो. हात मागे ठेवणं कुठल्याही वजनापेक्षा जड गेलं. मग आत्यानं एक पाऊल रोवलं, मांडीवर जोर दिला आणि उभी राहिली. लुगड्याची माती झटकत म्हणाली, "बापाले सांगजो, बहीण पंगतीत बसून जेवली."

परतीच्या गाडीत तिच्या जागेवर रोडग्यांचा डबा होता.

घरी बाबा नेहमीच्या खुर्चीत बसले होते. गेलं वर्षभर आम्ही त्यांना सगळं हातात देत आलो आहोत. "एकटाच आलास?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ते सवयीनं म्हणाले, "पाणी दे रे."

मी उठलो, आणि पुन्हा बसलो.

बाबांनी रागानं पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकवले. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले.