काचघरातला वास

आधीच सांगून टाकते, असल्या सदरातले अनुभव मी आजवर जेवता जेवता वाचत आले आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसत आले. नजर लागणं, बाहेरचं असणं, संकेत मिळणं... आमच्या घरात हे कुणी मानलं नाही. त्यात माझं काम असं, की जे नाकाला कळतं आणि कागदावर उतरतं तेवढंच खरं. नागापूर एमआयडीसीत एका मसाल्याच्या कारखान्यात मी क्वालिटी लॅबला आहे, सतरा वर्षं झाली. मिरचीला बुरशी धरलीय का, धने कुबट झालेत का, हळदीत काही भलतंच मिसळलंय का, हे मशीनच्या आधी माझं नाक सांगतं. नाकावरच माझं पोट चालतं म्हणा ना.

हे एवढ्यासाठी सांगतेय, की पुढचं वाचून 'बाईंना भास झाला असेल' असं कुणालाही वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. वाटलं म्हणूनच तर... असो. क्रमाने सांगते.

गेल्या वर्षीची गोष्ट. थंडी सरत आली होती. अहिल्यानगरमध्ये (आमच्या तोंडी अजून नगरच येतं) एका सार्वजनिक बागेत झाडांचं काचघर आहे. बागेचं नाव देत नाही, उगाच बदनामी नको. तिकीट नाही, काही नाही, दिवसभर कुणीही आत जाऊन बघावं. अर्ध्या काचा फुटल्यात, तिथे हिरवी जाळी ठोकलीय. आत एका बाजूला निवडुंग, दुसऱ्या बाजूला नेचे आणि वेल, मधून फरशीची अरुंद वाट. रविवारी दुपारी मी आणि माझे मिस्टर, योगेश, तिथे गेलो. घरी मटण शिजत होतं, सासूबाई म्हणाल्या तासभर लागेल, तोवर या फिरून.

आत पाऊल टाकलं की दमट, उबदार हवा अंगावर येते. ओली माती, शेवाळ, थोडं शेणखत. मला तो वास आवडतो. योगेश मोबाईलवर फोटो काढत पुढे गेला. मी पार टोकाच्या भिंतीपाशी थांबले. तिथे मोठ्या फाटक्या पानांचा एक वेल भिंतीवर चढलाय, पान चांगलं सुपाएवढं. त्याच्या नावाची पाटी पुसट झाली होती, म्हणून मी पाटीवरचं पान हाताने बाजूला केलं.

आणि बोटांना काहीतरी लागलं. चिकट... आणि कोमट.

पाणी असतं तर गार लागलं असतं. हे कोमट होतं, एखाद्याच्या अंगातून नुकतंच आल्यासारखं. मी हात मागे घेतला. बोटांवर पिवळट-तपकिरी, दाट, तार सुटणारं काहीतरी. आणि मग वास आला.

कुजलेल्या मांसाचा. मेलेलं जनावर उन्हात पडल्यावर येतो त्याच्यापेक्षा वेगळा, कारण त्यात गोडसरपणा होता. जिवंत माणसाचं काहीतरी सडत असावं असा. माझ्या नाकाला सवय आहे, वास आला की ते त्याचे पदर सोडवायला लागतं. खाली मांस. त्याच्यावर तंबाखू, ओली केलेली. आणि सगळ्यात वर, डोळ्यांत जाणारी डांबरगोळी. कपड्यांत ठेवतो ती. हे तीन वास एका झाडाच्या पानावर कसे? डोक्यात हा प्रश्न येईपर्यंत माझ्या पोटातून सगळं वर आलं होतं. मी तिथेच कुंड्यांच्या मागे ओकले.

योगेश धावत आला. "काय झालं गं?"

"हात बघ माझा. वास बघ."

त्याने माझी बोटं धरली, उलटसुलट केली, नाकाशी नेली. "पाणी आहे की. कसला वास?"

तेवढ्यात तिथे झाडांना पाणी घालणाऱ्या मालनबाई पाईप टाकून आल्या. साठीच्या असतील. त्यांनीही पान हुंगलं, माझे हात हुंगले. "काय बी वास न्हाई बाई. पोटात काय न्हाई का तुमच्या सकाळपासनं? बसा हितं." आणि मी ओकलेल्यावर त्यांनी शांतपणे पाणी मारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रुमालाला बोटं पुसली आणि रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. कामाची सवय... नमुना ठेवायचा. तेव्हा योगेशने काढलेला माझा एक फोटो आहे, पिशवी धरून पांढरीफटक उभी. त्याच्यावर वेळ आहे, बारा चाळीस.

घरी आल्यावर साबण, लिंबू, राख, सगळं करून हात घासले. वास गेला नाही. बोटं नाकाशी न्यायचीसुद्धा गरज नव्हती. ताटात मटण आलं, रश्श्यावर तरंगणारा तवंग बघितला आणि मी पुन्हा मोरीकडे पळाले. सासूबाईंनी योगेशकडे अशा नजरेने बघितलं, की मला त्या परिस्थितीतही हसू आलं. या वयात कसलं आलंय!

सोमवारी लॅबमध्ये पिशवी उघडली. रुमालावर डाग नव्हता. पुसट पिवळासुद्धा नाही. तिघींना हुंगायला दिला, तिघी म्हणाल्या साबणाचा वास येतोय. मला मात्र माझ्या दोन बोटांतून तो येतच होता. भाकरी मोडली की भाकरीला, केस विंचरले की केसांना. चमच्याने खायला लागले. डॉक्टरांकडे गेले, ते म्हणाले सायनसमुळे असे वास येतात, नाकात घालायला थेंब दिले. मला पटलं. पटवून घेतलं म्हणा.

आता इथे माझ्या मावशीबद्दल सांगायला हवं. ती जामखेडजवळच्या एका खेड्यात असते. माझी आठवी ते दहावी तिच्याकडे राहून झाली. तिला बरीच वर्षं शुगर आहे. त्या शनिवारी तिच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून मंगळवारी मी तिला फोन केला.

"मावशे, तब्येत कशी आहे?"

"मी ठणठणीत हाय. तू ये बारशाला. लई दिस झाले गं तुला बघून..."

ती बोलायला लागली आणि तो वास एवढा वाढला, एवढा वाढला, की जणू कुणी माझं तोंडच त्यात दाबून धरलंय. ती पुढे काहीतरी सांगत होती. "आगं आईक ना, जरा पायाचं..." असं काहीसं. मला उलटी दाटून आली. "नंतर करते गं," म्हणून मी फोन ठेवला.

नंतर केला नाही. किळस माणसाला किती स्वार्थी करते हे मला त्या आठवड्यात कळलं. मला फक्त माझी बोटं दिसत होती.

शनिवारी आम्ही गेलो. अंगणात मांडव, बायकांची गर्दी, बुंदीची कढई. गाडीतून उतरले आणि वास माझ्या बोटांतून यायचा थांबला. सहा दिवसांत पहिल्यांदा. मी बोटं हुंगली, नुसता साबण. जीव एवढा हलका झाला म्हणून सांगू! पण ओसरीवर चढले आणि तो समोरून आला. घरातून.

मावशीची सून, अर्चना, बाळाला घेऊन उभी होती. माझं तोंड बघून ती ओशाळली. "ताई, तुमालाबी आला का वास? उंदीर मेलाय कुठंतरी. चार दिस झाले शोधतोय, सापडंना."

म्हणजे या वेळी सगळ्यांनाच येत होता!

मावशी आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. पायांवर जाड गोधडी, उशाशी उदबत्त्यांचा जुडगा पेटवलेला. पाहुण्या बायका दारातूनच नमस्कार करून, पदर नाकाला लावून बुंदी खायला जात होत्या. मी दार लावलं.

"मावशे, गोधडी काढ."

"कशाला? थंडी वाजती मला."

"काढ म्हणते ना."

तिने काढली नाही, मी ओढली. डाव्या पायाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती, ओली झालेली. पिवळट-तपकिरी. मी गाठ सोडली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती, मधे खड्डा, आणि त्या खड्ड्यात... हलत होतं. तांदळाच्या दाण्यांसारखं पांढरं. त्याच्यावर तंबाखूचा चोथा आणि डांबरगोळीचा पांढरा चुरा.

मी दोन पावलं मागे सरकले. तोंडावर हात दाबला. आणि ते तिने बघितलं. ज्या बाईने तीन वर्षं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिच्यापासून मी मागे सरकले. मला त्या पायाची जेवढी किळस आली नाही तेवढी त्या क्षणी माझी स्वतःची आली.

"कोनाला सांगू नगं," ती हळूच म्हणाली. "पाय कापत्यात. बारसं होऊन जाऊ दे."

"हे काय भरलंयस त्यात?"

"बैलाच्या खांद्याला किडं पडलं की आमचे आबा हेच भरायचे. बैल बरा व्हायचा की."

"कधी भरलंस?"

"ऐतवारी. जेवनं उरकून समदी शेतात गेली, तवा."

रविवारी, दुपारी.

बारसं तसंच टाकून आम्ही तिला गाडीत घातलं आणि नगरला आणलं. वाटेत काचा उघड्या ठेवल्या. मागच्या सीटवर तिचा पाय मी मांडीवर घेतला होता, आणि खरं सांगते, तेव्हा मला उलटी आली नाही. त्याच रात्री ऑपरेशन झालं. अर्धं पाऊल काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले जीव वाचला, आणखी दोन दिवसांनी काही हातात राहिलं नसतं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर कदाचित एका अंगठ्यावर भागलं असतं."

महिन्याभराने मी एकटीच पुन्हा त्या काचघरात गेले. वेल तिथेच होता. सगळी पानं उचलून बघितली. ओली माती, शेवाळ. मालनबाईंनी ओळखलं, म्हणाल्या, "आता बरं हाय का पोट?"

योगेश म्हणतो योगायोग. माझी एक मैत्रीण म्हणते, तुला मावशीच्या आवाजावरून आधीच काहीतरी खटकलं असणार. पण आमचं बोलणं झालं मंगळवारी, आणि मी काचघरात ओकले रविवारी. तंबाखू आणि डांबरगोळी मला कुणी सांगितली? आणि आलं ते सरळ आठवण म्हणून, स्वप्न म्हणून का नाही आलं, अशा घाण रूपात का आलं? मला माहीत नाही.

हे मी मावशीला कधी सांगणार नव्हते. पण मागच्या महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिनेच विचारलं. "तू आल्या आल्या दार लावलंस. तुला कसं कळलं गं?"

मी सगळं सांगितलं. बाग, वेल, कोमट, बोटं, रविवार. ती मान हलवत ऐकत राहिली. तिला त्यात नवल असं काही वाटलं नाही. जणू वास एवढ्या लांब जातो हे तिला माहीतच होतं. काठी टेकून ती उठली, पुढे कापूस भरलेला बूट नीट केला आणि मला साधंच विचारलं, रागाने नाही...

"ऐतवारी कळलं व्हतं, तर मग शनवारी का आलीस?"