बाराबोअरची खंडेनवमी

"टोपी काढा," माइस्टर म्हणाले.

"टोपी निघणार नाही," हेर त्साइडलर म्हणाले.

"मग बंदूक बसणार नाही."

हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. हेर त्साइडलर व्यवसायानं करसल्लागार. पण त्या दिवशी ते दुकानात पूर्ण काउबॉयच्या वेशात आले होते. रुंद काठाची टोपी, चामड्याचं जाकीट, बुटांना काटेरी चक्रं. चालले की चक्रं वाजायची. त्यांना एक आखूड दुनळी बाराबोअर बंदूक हवी होती.

मी जर्मनीत इंगोलश्टाटला मेकॅनिकलचं मास्टर्स करतो. माझे बहुतेक वर्गमित्र शिकता शिकता मोटारींच्या कंपनीत वेर्कश्टुडेंट म्हणून, म्हणजे अर्धवेळ, लागले. मला तिथून नकार आला आणि जवळच्या गावातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून होकार. त्या कारागिराला मी माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणतो. माझं काम दुकानाची वेबसाइट सांभाळायचं आणि गिऱ्हाइकांना द्यायची माहितीपत्रकं लिहायचं. बंदुकीला हात लावायचा नाही, हा माइस्टरांचा पहिला नियम. माझ्याकडे परवाना नाही. म्हणजे ज्या वस्तूची निगा कशी राखावी हे मी लिहितो, तिला मी स्पर्श केलेला नाही. हे कितपत बरोबर आहे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सेलूला आमची पिठाची गिरणी आहे. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. आई शेजारी सांगते, "पोरगा मशिनरीत आहे." मी तिचं म्हणणं दुरुस्त करत नाही.

तर हेर त्साइडलर. त्यांच्या काउबॉय क्लबमध्ये ते टपालगाडीचे रखवालदार होते. बाकी सगळ्या गावाला हे माहीत होतं आणि कुणालाच त्यात विचित्र वाटत नव्हतं. क्लबचा नियम असा, की एकोणिसाव्या शतकानंतर निघालेली कुठलीही पद्धत चालणार नाही. म्हणून बंदूक हवी ती दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली, दोन चापांची आणि दोन घोडे बाहेर दिसणारी. चाप म्हणजे बोटानं ओढायचा तो. घोडा म्हणजे वरचा हातोडा, जो काडतुसामागच्या पिनेवर आपटतो. खऱ्या घोड्याची हेर त्साइडलरना ॲलर्जी होती.

"आजोबांची एक लांब बंदूक घरी आहे," ते म्हणाले. "तिचीच नळी कापली तर?"

माइस्टरांनी चष्मा काढला. "कापायची नाही. कायद्यानं नाही आणि माझ्या दुकानात तर नाहीच. आखूड हवी असेल तर कारखान्यातून आखूड आलेली घ्या."

अशा दोन होत्या. एक फारच आखूड, दुसरी तिच्यापेक्षा वीतभर लांब. हेर त्साइडलरना पहिली आवडली.

माइस्टरांनी समजावलं. नळी आखूड झाली की बंदूक हलकी होते आणि पटकन वळते. पण तितक्याच पटकन भलतीकडेही वळते. आवाज मोठा होतो, धक्का जास्त बसतो. आणि नळीपेक्षा महत्त्वाचा असतो दस्ता, म्हणजे खांद्याला लागणारा लाकडी भाग. तो माणसाच्या मापाचा लागतो, शर्टाच्या बाहीसारखा.

"डोळे मिटा. बंदूक खांद्याला लावा. आता उघडा. काय दिसतं?"

"माझा अंगठा," हेर त्साइडलर म्हणाले. अंगठा नाकावर आपटून नाक लाल झालं होतं. दस्ता त्यांच्या हाताला तोकडा होता.

दुसरी लावली. "आता टोपीचा काठ दिसतो."

शेवटी त्यांनी टोपी मागे सरकवली. काढली नाही. मग त्यांना दोन नळ्यांमधली पट्टी सरळ दिसली, आणि दुसरी बंदूक ठरली. क्लबच्या शरद मेळाव्याआधी ती तपासून, तेलपाणी करून द्यायची होती. पसंत पडली तर क्लबच्या सगळ्या बंदुकांची देखभाल आमच्याकडे देऊ, असं ते जाता जाता बोलले.

दार लागल्यावर माइस्टर मला म्हणाले, "तुझी प्रोबेत्साइट पुढच्या शुक्रवारी संपते ना?" प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीचा चाचणीचा काळ. "हे काम आलं तर तुला ठेवणं मला परवडेल. नाहीतर अवघड आहे."

त्या आठवड्यात त्यांनी सांगितलं ते मी पत्रकात लिहीत गेलो. आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री. सफाईची काठी मागून पुढे घालायची. घोडे रिकाम्या नळीवर आपटायचे नाहीत, नकली काडतूस घालायचं. आणि सगळ्यात शेवटी तेलाचा पातळ हात. बोटाच्या घामानंही पोलाद गंजतं. "तेल कधीही कोरडं पुसू नकोस," ते म्हणाले. "याच्याखाली रेघ मार." मी मारली.

मग खंडेनवमी आली. आईचा फोन.

"दुकानात अवजारं असतील ना रे?"

"आहेत की."

"मग पूजा कर. वर्षभर राबतात बिचारी. आणि त्या साहेबांना विचारून कर, हां. परक्याचं दुकान."

मी विचारलं. माइस्टरांनी आधी आग लागणार नाही ना याची चौकशी केली. मग परवानगी दिली. मी कानशी, स्क्रूड्रायव्हर आणि लेथला हळदकुंकू लावलं, पाण्याच्या थेंबात कालवून, अनामिकेनं. दोन फुलं वाहिली. माइस्टर हात मागे बांधून बघत होते.

"आज यांना सुट्टी?"

"खरं तर हो."

"गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे, अगदी बरोबर. त्यांनी लेथचा स्विच बंद केला. मी लेक्चरला गेलो.

दुसऱ्या दिवशी हेर त्साइडलर बंदूक न्यायला आले. माइस्टरांनी कपाटातून पेटी काढली. झाकण उघडलं. दोन्ही नळ्यांवर तांबूस तपकिरी ठिपका होता. एकेक.

"रोस्ट!" हेर त्साइडलर ओरडले. गंज. "नव्या बंदुकीवर गंज! क्लबला काय सांगू मी?"

माइस्टर पेटीवर वाकले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी ठिपके पाहिले. मोठे होते, अंगठ्याएवढे. माझं बोट एवढं नाही. आणि मला आठवलं, इथल्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारी पाद्री कपाळावर राख लावतो, ती अंगठ्यानं.

माझी पंचाईत झाली. मी केलं म्हणावं, तर परवान्याशिवाय बंदूक हाताळल्याचा कबुलीजबाब होतो. माइस्टरांनी केलं म्हणावं, तर शुक्रवार लांब नव्हता. गप्प राहावं, तर तो गंज ठरत होता.

"हा गंज नाही," मी म्हणालो. "हे कुंकू आहे."

"ते काय असतं?"

"सणाला लावतात. अवजारांना."

"आणि माझ्या बंदुकीला कुणी लावलं?"

हेर त्साइडलर माझ्याकडेच बघत होते.

"मी," माइस्टर म्हणाले.

"तुम्ही? कशासाठी?"

"काल तिचा सण होता."

हेर त्साइडलरच्या बुटाचं एक चक्र हळूहळू फिरत थांबलं.

"बाकी सगळ्यांना मिळालं," माइस्टर पुढे म्हणाले. "ही टेबलावरच होती. बरं दिसलं नसतं."

त्यांनी तेलाचा बोळा फिरवला. डाव्या नळीवरचा ठिपका लगेच निघाला. उजव्या नळीचा निघाला, पण खाली फिकट डाग राहिला. खरा गंज, अंगठ्याच्या रेषांसकट.

"एकच का?" हेर त्साइडलरनी विचारलं.

माइस्टर जमिनीकडे बघत होते. "तेलावर ते टिकत नव्हतं. म्हणून उजव्या नळीवरचं तेल मी पुसलं. कोरडं."

माझ्या हातात पत्रक होतं. रेघ मारलेलं. मी ते हळूच पाठीमागे धरलं.

"डाग मी काढून देतो, फुकट," माइस्टर म्हणाले. "पण मेळाव्यापर्यंत होणार नाही."

हेर त्साइडलर माझ्याकडे वळले. "ही प्रथा किती जुनी आहे?"

"नक्की सांगता येणार नाही."

"एकोणिसाव्या शतकाच्या आधीची?"

"हो. बरीच आधीची."

त्यांनी विचार केला. करसल्लागार विचार करतात तसा, वरच्या कोपऱ्यात बघत.

"आल्झो, मग नियमात बसते," ते म्हणाले. "डाग राहू द्या."

टोपी सरळ करून ते बंदुकीची पेटी घेऊन गेले. मेळाव्यात त्यांनी सगळ्यांना डाग दाखवला म्हणे. पुढच्या आठवड्यात क्लबच्या बंदुका आल्या, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: आम्हाला तो सण मिळेल का?

माइस्टर त्यांना सांगतात, मिळेल, पण दस्त्यावर. शुक्रवारी ते मला प्रोबेत्साइटबद्दल काही बोलले नाहीत. फक्त पत्रकात एक ओळ वाढवायला सांगितली आणि म्हणाले, सोमवारी छापून आण.

ती ओळ अशी आहे: कुंकू फक्त लाकडावर लावावं, पोलादाला सणाच्या दिवशीही तेलच लागतं.