कोर्टाने मनाई केलेली भिंत

मी अंगावर पहिला तांब्या ओतला आणि भिंत पडली. विटा शेजारणीच्या पोळपाटापर्यंत गेल्या. धूळ बसली तेव्हा ती समोर लाटणं धरून बसलेली, आणि मी उघडी.

"अदी, पहले कुछ पहन ले!" ती ओरडली. अदी म्हणजे सिंधीत बहीण. दावा लागल्यापासून मी तिची बहीण नव्हते.

"तू आधी तुझ्या नवऱ्याला बाहेर काढ!"

तो बिचारा पापडाच्या टोपलीमागे डोळे मिटून बसला होता.

उल्हासनगरच्या बराकीत आमच्या दोन खोल्यांच्या मधे ही एकच भिंत. ती म्हणे माझी, मी म्हणे माझी. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत भिंतीला हात लावायची दोघींनाही मनाई झाली. भिंत कलली तरी कुणी टेकू दिला नाही. टेकू देणारा दाव्यात अडकेल, असं माझा नवरा सांगायचा. तो अंबरनाथला कारखान्यात होता. कायदा त्याला चहाच्या टपरीवर कळायचा.

आता भिंत इकडे सरकली तर माझी मोरी जाणार, तिकडे सरकली तर तिची चूल. मधे चादर टांगली. शेजारणीनं मुखीला बोलावलं. मुखी म्हणजे त्यांच्या पंचायतीतला मोठा माणूस. म्हाताऱ्यानं पापड खाल्ला, पाणी प्यायला, दोन्ही नवऱ्यांना बाहेर घालवलं आणि आम्हाला म्हणाला, "भांडू नका. तू हिच्या चुलीवर भाकरी कर. ही तुझ्या मोरीत आंघोळ करील. मग भिंत कुठं हवी तिथं कोळशानं रेघ ओढा." आणि तोही दाराबाहेर जाऊन बसला.

तिची मोरी चुलीला चिकटलेली. भाकरी थापताना माझं कोपर फळीला लागे, पाय मोरीत जाई. चादरीपलीकडे बादली आपटत होती.

"अरी, इसमें तो मुर्गी भी नहीं नहाएगी!"

"तुझ्याकडे भाकरी उभी थापावी लागते, उभी!"

ती हसायला लागली. मग मलाही हसू आवरेना. भाकरी जळली.

आम्ही आपापल्या खोलीत परतून रेघा ओढल्यावर मुखीनं चादर उचलली. माझी रेघ माझ्याच खोलीत, तिची रेघ तिच्याच खोलीत. मधली पट्टी कुणाचीच नाही! म्हातारा इतका हसला की त्याची टोपी पिठात पडली.

"ही जागा आता कोर्टाला दान करायची काय?" त्यानं विचारलं.

"अगं, आपली जागा दिलीस?" माझा नवरा आत येऊन ओरडला.

"मग तू थाप तिथं भाकरी."

मला तिची दया आली नव्हती. कोपर दुखत होतं, एवढंच.

मुखीनं त्या पट्टीत दोघींची एकच मोरी करायला सांगितली, दोन्हीकडून दार. आमच्या जुन्या मोऱ्यांची जागा ज्याच्या त्याच्या खोलीला. दावा आम्ही काढून घेतला. दोन्ही वकील रुसले. साबण कुणी संपवला यावरून आम्ही पुढं रोज भांडलो, पण भांडण दाराबाहेर कधी गेलं नाही.

भिंत पडली तेव्हा तिथं मी, ती आणि तिचा नवरा होतो. तिघंही वाचलो.