न ओळखलेली खूण

माझ्या बीडच्या घरी वरच्या खोलीत सुग्रीव बरीच वर्षं भाड्याने राहिला. शिरूर कासारच्या मेंढपाळाचा मुलगा. संगणक शिकला आणि पुण्याला न जाता इथल्याच एका लहान संस्थेत लागला. त्याच्या घरची निम्मी माणसं दसरा झाला की ऊसतोडीला कर्नाटकात जात. तिथे आजारी पडलं तर डॉक्टर कानडी बोलणार आणि ही माणसं मराठी. म्हणून सुग्रीवने त्यांच्यासाठी चिप बसवलेलं कार्ड तयार केलं. तिथल्या एका दवाखान्यात संस्थेने यंत्र ठेवलं. कार्ड टेकवलं की माणसाची माहिती पडद्यावर कानडीत दिसे.

कार्डात काय असतं, हे त्याने मला स्वयंपाकघरात समजावलं होतं. आत सगळे आकडेच. पासष्ट हा आकडा कुठे वय असतो, तर कुठे इंग्रजी ए हे अक्षर. म्हणून प्रत्येक माहितीच्या आधी एक खूण लिहायची, म्हणजे ती कसली आहे ते कळतं. मग ती किती लांब आहे ते, आणि शेवटी माहिती. माझ्या डब्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "काकू, चिठ्ठी नसली तर सुंठपूड कुठली न् बेसन कुठलं?"

मी विचारलं, यंत्राला एखादी खूण माहीतच नसेल तर? तो खुलला. त्यासाठीच तर लांबी आधी लिहायची. यंत्र तेवढा भाग ओलांडतं आणि पुढचं वाचतं, कुठे अडत नाही. याचाच त्याला अभिमान होता.

एका वर्षी, दसऱ्याच्या थोडं आधी, त्याची चुलती साखराबाई हिला बीडमध्ये एका इंजेक्शनाने अंगभर गांधी उठल्या. सुग्रीवने लगेच नवी खूण केली: कुठलं औषध चालत नाही. सगळ्यांची कार्डं नव्याने भरली. कर्नाटकातल्या यंत्रात नवा प्रोग्रॅम घालायचा राहिला होता, पण जुनं यंत्र अडणार नाही याची त्याला खात्री होती. ऊसतोडीला निघालेल्या बायकांना त्याने बजावलं की डॉक्टरला काही सांगत बसू नका, कार्ड सांगेल.

साखराबाईला तिकडे उसाच्या फडात ताप भरला. यंत्राने तिचं नाव दाखवलं, वय दाखवलं, रक्तगट दाखवला. नवी खूण त्याला अनोळखी होती. ती त्याने मुकाट्याने ओलांडली. डॉक्टरने तेच इंजेक्शन दिलं. तिचा जीव वाचला, पण श्वास फार वेळ अडकला होता. आता चालताना तिचा तोल जातो, बोलणंही अडखळतं.

सुग्रीवने मग खुणेतच सोय केली: ही कळत नसेल तर थांब, माणसाला विचार. अगदी लहानशी दुरुस्ती. तोवर संस्थेने ती योजनाच गुंडाळली होती. दुरुस्ती त्याच्या संगणकातच राहिली.

तो शिरूरला चुलतीला भेटायला निघाला तेव्हा मला सोबत घेऊन गेला. एकट्याने जायचा त्याला धीर नव्हता. त्याने नवा प्रोग्रॅम घातलेलं यंत्र नेलं होतं. तिचं कार्ड टेकवलं तसा पडदा लाल झाला आणि त्यावर अक्षरं उमटली. साखराबाईला वाचता येत नाही. तिने विचारलं, "काय म्हणतंय ते?"

"काकी, तुला कुठलं इंजेक्शन चालत न्हाई ते."

ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "एवढं तर मलाच सांगता आलं असतं की रं. तिथली नर्स मराठी बोलत व्हती. तू म्हणलास कार्ड बोलतंय, म्हून मी गप बसले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुग्रीवला बरं वाटलं असतं, असं मला वाटलं. त्याने यंत्र बंद केलं. कार्ड परत मागितलं, पण तिने ते दिलं नाही. पदराच्या गाठीत बांधून ठेवलं.

आता तो संस्था सोडून कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. कार्डाबद्दल त्यानंतर आमच्यात बोलणं झालं नाही.