एक ट्रे आणि आम्ही सगळे

फॅक्टरीत भंगार आणि किस्से कधी संपत नाहीत. भंगार दरवर्षी लिलावात जायचं, किस्से माझ्याकडे राहिले!

ऐंशीच्या सुमारास मी सातपूरच्या एका फॅक्टरीत कॉम्प्युटर सेक्शनला होतो. स्टोअरमधला कुठला माल कुठल्या रॅकवर, हे सांगणारा आमचा एकच प्रोग्रॅम. प्रोग्रॅम म्हणजे काय, तर लांबलचक ट्रेमध्ये उभी लावलेली, भोकं पाडलेली कार्डं. एका कार्डावर एक ओळ. बदल आपण कागदावर लिहायचा, गांगुर्डेबाई मशीनवर कार्ड पंच करणार, मग जुनं काढून नवं खोचायचं. ट्रे सगळ्यांचा!

*

माझ्याबरोबरचा प्रोग्रॅमर जोशी म्हणे, यादी मालाच्या नावाने छापायची. मी म्हणे, रॅकच्या नंबराने. तो माझं कार्ड काढायचा, मी त्याचं. शेवटी साहेबांनी निवाडा केला, "सोम, बुध, शुक्र जोशींचं कार्ड. उरलेले दिवस तुमचं!"

स्टोअरचे शेखचाचा रोज यादी घेताना विचारायचे, "आज किसका राज है भाई?"

*

एकदा जोशीने अख्खा ट्रे जिन्यावर पालथा केला. दिवसभर बसून आम्ही कार्डं परत लावली, तर तीन उरली! ती तशीच बाजूला ठेवून प्रोग्रॅम चालवला. झकास चालला.

ती कार्डं कुणाची, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

*

सहा वर्षं आमचे कागद पंच करून गांगुर्डेबाई तो प्रोग्रॅम कोळून प्यायल्या होत्या. प्रोग्रॅमरची जागा निघाली, त्यांनी अर्ज केला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, पंचिंगला बोटं लागतात. प्रोग्रॅमिंगला डोकं!"

बाईंचा चेहरा उतरला. मी मान खाली घालून कार्डं चाळत राहिलो, त्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्यापैकी एकाचाही बदल चालेना! मशीन बिघडलं म्हणून मुंबईहून इंजिनिअर बोलावला. त्याने आमचे कागद आणि बाईंची कार्डं शेजारी शेजारी ठेवून तपासली.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बाईंनीही तुम्ही लिहिलंय तेच पंच केलंय. तुमचं लिहिलेलंच चुकलंय!"

इतकी वर्षं आमच्या चुका बाई गुपचूप निस्तरत होत्या, हे तेव्हा कळलं.

*

आणि मग डायरेक्टर यायचे ठरले. त्यांना दाखवायला साहेबांनी स्वतः चार पानी बदल लिहिला. अकराला पाहुणे, आणि साडेनऊला साहेब पानं घेऊन बाईंपुढे उभे!

बाईंनी पानं चाळली. दुसऱ्या पानावर जरा थांबल्या.

"साहेब, हे मी ऑपरेटर म्हणून वाचू की प्रोग्रॅमर म्हणून?"

साहेबांनी घड्याळ बघितलं, घाम पुसला. केबिनमधून बाईंचा अर्ज आणला आणि आमच्यादेखत 'मंजूर' लिहून सही ठोकली.

बाईंनी अर्ज पर्समध्ये ठेवला, लाल पेन्सिल काढली आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"बसा साहेब. पहिल्या ओळीपासूनच बघू."